छत्रीताईचा घरचा मुक्काम

छत्रीताईने राजीनामा दिला तेव्हा तिच्या सहल कंपनीचे मालक पोट धरधरून हसले. "तू? आणि घरी?" एवढंच त्यांना बोलता आलं आणि पुन्हा हसू फुटलं. आता सतरा वर्षं इमानेइतबारे राबलेल्या बाईने राजीनाम्याचा कागद पुढे ठेवला, तर माणसाने निदान दोन मिनिटं तरी चेहरा गंभीर करावा की नाही? पण मालकांचंही अगदीच चुकत नव्हतं. बाई वर्षातले किती दिवस घरी असते हे तिच्या घरच्यांपेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक होतं, कारण तिचे दौरे तेच आखायचे.

"हे बघ," डोळे पुसून ते म्हणाले, "तीन महिने तुझी जागा कुणाला देत नाही. सीझन सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी, संध्याकाळी सहा वाजता, मी तुला फोन करेन. तू फक्त 'हो' म्हण. मी काही विचारणार नाही, कुणाला सांगणार नाही."

"फोन करूच नका," छत्रीताई म्हणाली, आणि समोरचा चहा तसाच टाकून बाहेर पडली.

छत्रीताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. चाळीस माणसं, वीस दिवस, सात शहरं, आणि सगळ्यांच्या पुढे ही, मिटलेली पिवळी छत्री उंच धरून. किल्ला असो, संग्रहालय असो, बाजार असो, छत्री दिसली की माणसं मुकाट मागे चालायची. पहिल्या दिवशी लोक तिला मॅडम म्हणायचे, दुसऱ्या दिवशी ताई आणि तिसऱ्या दिवसापासून छत्रीताई. पुढे हे नाव तिच्याआधी घरी पोचलं आणि सासूबाईसुद्धा शेजारणींशी बोलताना तेच वापरायला लागल्या.

सतरा वर्षांत तिच्याकडून सुटकेसा हरवल्या, पासपोर्ट हरवले, एका काकांची कवळी दुसऱ्या देशातल्या हॉटेलात राहिली ती पोस्टाने आली, पण माणूस मात्र एकही हरवलं नाही. तिची युक्तीच होती तशी. प्रत्येकाच्या डोक्यावर कंपनीची पिवळी टोपी चढवायची, आणि गाडीच्या दारात उभं राहून टोप्या मोजायच्या. "चेहरे बघू नका," ती नव्या मॅनेजरांना बजावून सांगायची. "चेहऱ्याकडे बघितलं की चेहरा बोलायला लागतो, आणि मोजणी चुकते. टोपी बघा. टोपी बोलत नाही."

मग एवढी पट्टीची बाई काम सोडून घरी का आली? तर एका वाक्यामुळे.

एकोणीस दिवसांची टूर आटोपून ती एका दुपारी घरी पोचली. जिन्यात तिची बारा वर्षांची लेक, ठमी, वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या काकूंशी गप्पा मारत होती. काकूंनी बॅग ओढत चढणाऱ्या बाईकडे बघितलं आणि मग ठमीकडे. ठमी शहाण्या मुलीसारखी पुढे झाली आणि तिने ओळख करून दिली, "ही माझी आई. ही येत असते."

येत असते! वीज मीटर बघायला माणूस येत असतो, तशी आई येत असते! बरं, काकू तरी गप्प बसतील? त्या हसून म्हणाल्या, "अरे वा. किती दिवस आहात?" आणि छत्रीताईच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "तीन रात्री, चार दिवस."

त्या तिन्ही रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. चौथ्या दिवशी पुढच्या टूरला निघायच्या ऐवजी तिने राजीनामा लिहिला.

नवीन काम तिने असं शोधलं की ऐकणाऱ्याने कपाळावर हात मारावा. नदीवर एक फेरीबोट होती. ह्या काठावरून त्या काठावर जायला सहा मिनिटं, तिकडून परत यायला सहा मिनिटं. तिच्यावर तिकीट देणारी बाई हवी होती. सकाळी नऊला सुरू, शेवटची फेरी साडेपाचला, रविवारी सुट्टी. जिने अर्धं जग पालथं घातलं ती आता दिवसाला तीस वेळा तीच नदी ओलांडणार! पण तिला विचाराल तर ती उड्या मारायची बाकी होती. "अहो, जगातली सगळ्यात छोटी टूर आहे ही," ती नवऱ्याला म्हणाली. "माणसं चढतात, उतरतात, आणि संध्याकाळी सगळी आपापल्या घरी. मीसुद्धा!"

नवऱ्याचं खालीच चष्म्यांचं दुकान होतं. माणूस सज्जन, पण बोलण्यात अगदी मोजका. दिवसभर गिऱ्हाइकांना "हे स्पष्ट दिसतं, का हे?" असं विचारून त्याचा शब्दांचा साठा संपायचा. तो म्हणाला, "बरं."

बोटीवर पहिल्या दिवसापासून तिने धमाल उडवून दिली. तिकिटं फाडून झाली की चार मिनिटं उरायची. गप्प बसायची सवय कुणाला? ती कठड्याला टेकून सुरू व्हायची. "मंडळी, डाव्या हाताला बघा, पाण्याची टाकी. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीचं बांधकाम. फोटो काढायचा असेल त्यांनी आत्ताच काढा, पुन्हा अशी उन्हं मिळायची नाहीत." बोट चालवणारा सारंग वैतागून म्हणायचा, "बाई, ही माणसं वीस वर्षं ही टाकी बघतायत." पण आठवड्याभरात लोक माना वळवून टाकीकडे बघायला लागले. दुसऱ्या आठवड्यात टाकी अठ्ठेचाळीस वर्षांची की पन्नास यावरून बोटीत दोन तट पडले. एक कारकून बाई तर एकदा उतरायचीच विसरली आणि ऑफिसला उशिरा पोचली. आनंदीआनंद होता सगळा.

पण बोटीवर कितीही मजा असली तरी बाईने नोकरी सोडली होती ती घरासाठी. आणि घरी काय चाललं होतं, ते ऐका.

पहिल्या दिवशी ती पावणेसहाला घरी आली, तेव्हा तिघंही उठून उभे राहिले. सासूबाईंनी कपाटातला फुलाफुलांचा कप काढला, खाली बशी ठेवली, आणि चहा हातात दिला. "बस गं, दमली असशील." ठमीने विचारलं, "पाणी देऊ का?" नवऱ्याने टीव्हीचा रिमोट तिच्यापुढे ठेवला. पलंगावर धुतलेल्या टॉवेलची घडी. छत्रीताईचं मन भरून आलं. केवढं हे प्रेम! तिने त्या टॉवेलात तोंड खुपसून थोडं रडूनसुद्धा घेतलं.

विसाव्या दिवशीही कप तोच, बशी तीच, आणि "बस गं, दमली असशील" हेही तेच. मग मात्र ती चहा तसाच ठेवून स्वयंपाकघराकडे वळली.

भांडी घासायला गेली तर सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं, तू कशाला?" भाजी चिरायला बसली तर त्यांनी हळूच तिच्या हातातली सुरी काढून घेतली आणि तिला वर्तमानपत्र दिलं. ठमीचा अभ्यास घ्यायला गेली तर ठमी म्हणाली, "झाला माझा, थँक्यू आई." थँक्यू! पोटच्या पोरीने! आणि हेच तिघं आपापसात कसे वागायचे म्हणाल, तर काही विचारू नका. न्हाणीघरात आधी कोण यावरून रोज सकाळी रणकंदन. आजी नातीला "घोडे" म्हणायची, नात आजीला "हिटलर" म्हणायची, आणि मोजकं बोलणारा तो नवरासुद्धा "माझी कात्री कुणी घेतली?" म्हणून घर डोक्यावर घ्यायचा. छत्रीताई खोलीत आली की तिघं एकदम गप्प. लगेच कुणीतरी खुर्ची पुढे करायचं. बिचारी दाराआड उभी राहून त्यांची भांडणं ऐकायची आणि उपाशी माणसाने मिठाईच्या दुकानाकडे बघावं तशी बघत राहायची.

तिने काय काय करून बघितलं नाही! एका सोमवारी तिने फ्रिजवर कागद लावला. सहाला उठणे, सातला नाश्ता, आठला प्रस्थान. वाटलं, आता तरी सासूबाईंचा पारा चढेल. दुसऱ्या दिवशी सहाला तिघंही अंघोळी करून, केस विंचरून, ओळीने हॉलमध्ये हजर. सासूबाई अदबीने म्हणाल्या, "आम्ही तयार आहोत." तिने कागद फाडून टाकला.

मग तिने जरा खालची पातळी गाठली. तिने तो फुलाफुलांचा कप मुद्दाम हातातून सोडला. खळ्ळकन आवाज झाला, फरशीभर तुकडे झाले. ती श्वास रोखून उभी राहिली. सासूबाई धावत आल्या आणि म्हणाल्या, "तुला लागलं नाही ना?" दुसऱ्या दिवशी तसलाच दुसरा कप आला. सहाचा संच होता तो. पुढच्या तीन आठवड्यांत तिने आणखी तीन फोडले. दर वेळी तोच प्रश्न आणि तोच झाडू, आणि झाडू धरायचा मान काही तिला मिळाला नाही.

"सारंगदादा," एक दिवस ती बोटीवर म्हणाली, "घरच्या माणसाला बोलणी बसतात. पाहुण्याला चहा मिळतो. मला तीन महिने चहाच मिळतोय."

सारंग म्हणाला, "माझी बायको मला रोज इतकं बोलते. थोडं नेता का घरी?"

ती हसली, पण तिचा निश्चय झाला होता. मालकांचा फोन यायचा रविवार जवळ आला होता. त्या घरात तिघांचं छान चाललं होतं, आपण मध्ये उगीच खुर्ची अडवून बसलो आहोत, असं तिला वाटायला लागलं होतं. रविवारी सगळ्यांना घेऊन कुठेतरी जायचं, मनापासून एक शेवटचा प्रयत्न करायचा, आणि तरीही कप-बशी सुटली नाही, तर सहा वाजता 'हो' म्हणून टाकायचं. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. घरी मात्र तिने ह्यातलं चकार शब्दाने काही सांगितलं नाही.

"रविवारी तळ्याच्या बागेत जाऊ या?" तिने विचारलं.

"हो हो, तू म्हणशील तसं," तिघंही एका सुरात म्हणाले.

रविवारी निघताना तिने माळ्यावरच्या पिशवीतून उरलेल्या पिवळ्या टोप्या काढल्या. बाग मोठी, गर्दी फार, आणि हाताला सवय. तिघांनी निमूटपणे टोप्या घातल्या. बागेच्या फाटकापाशी तिचा उजवा हात आपोआप वर गेला आणि छत्री उंच झाली. आता तुम्हाला सांगून खोटं वाटेल, पण उंच धरलेल्या छत्रीत काहीतरी जादू असते. ती "ह्या तळ्याची खोली" म्हणून बोलायला लागली आणि पंधरा मिनिटांत तिच्या मागे अकरा माणसं झाली. एक नवं जोडपं, एक जुळ्यांची आई, कुत्रा फिरवणारे एक गृहस्थ, आणि एक टकलू आजोबा, जे दर माहितीनंतर "वा वा" म्हणत होते. छत्रीताईला इतका आनंद झाला की तिने हंसांविषयी पाच मिनिटं बिनधास्त थापा मारल्या.

ऊन कडक होतं. टकलू आजोबांचा माथा लालबुंद झालेला बघून सासूबाईंनी आपली टोपी काढून त्यांच्या डोक्यावर ठेवली. "घाला हो, मला खाजतंच आहे." त्यांचे पाय दुखत होते. एका मोठ्या झाडामागे त्यांना बाक दिसला, त्या जरा टेकल्या, वारा बरा होता, आणि त्यांचा डोळा लागला.

पावणेपाचला बस आली. दारात तोबा गर्दी. छत्रीताईने छत्री आडवी धरून वाट केली आणि सवयीने मोजलं. एक टोपी, दोन टोप्या, तीन टोप्या. चढले सगळे. ती समाधानाने शेवटी चढली. ठमी खिडकीशी कानात गाणी घालून बसली होती, नवरा दांड्याला धरून मागे चेपला गेला होता. एरवी हे तिघं एकमेकांना क्षणभरसुद्धा नजरेआड होऊ देत नसत. पण आज मोजायला खुद्द छत्रीताई होती. तेव्हा त्यांनी जन्मात पहिल्यांदा तिच्यावर सगळं सोडून दिलं आणि निवांत बसले.

घराजवळच्या थांब्यावर तिघांच्या मागोमाग तिसरी टोपी उतरली. टोपीखाली ते आजोबा होते.

"चहा इथे आहे का?" त्यांनी आनंदाने विचारलं.

छत्रीताईने त्यांच्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, मग ठमीकडे. मोजणी बरोबर होती. माणूस चुकीचं होतं.

"आजी कुठाय?" ठमी म्हणाली.

"तुम्ही कोण?" छत्रीताई आजोबांना म्हणाली.

"मी आपला मागून येत होतो," आजोबा म्हणाले. "मला वाटलं, परतीचा प्रवास धरलेला आहे."

सासूबाईंचा फोन ठमीच्या पिशवीत होता. झालं! टॅक्सी थांबवून चौघं तिच्यात कोंबले गेले, चौघं म्हणजे आजोबा धरून, कारण त्यांचं घर बागेच्याच शेजारी होतं. वाटभर छत्रीताई टॅक्सीवाल्याला घाई करत राहिली. सतरा वर्षांत परकं माणूस हरवलं नाही, आणि पहिल्या घरच्या सहलीत सासू हरवली! आता त्या काय म्हणतील हेसुद्धा तिला पाठ होतं. त्या म्हणतील, "असू दे गं, तू दमली असशील." आणि मग आपण सहा वाजता 'हो' म्हणू.

झाडामागच्या बाकावर सासूबाई ताठ बसल्या होत्या. बागेच्या रखवालदाराने त्यांना आईसकँडी आणून दिलेली होती आणि ती वितळून त्यांच्या मनगटापर्यंत आली होती. छत्रीताई धावत जाऊन समोर उभी राहिली. "आई, मी..."

सासूबाईंनी कांडी खाली ठेवली, तोंड पुसलं, उठून उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"काय गं ए! डोळे आहेत की बटणं? चार जगं हिंडवलीस लोकांना, आणि एक सासू सांभाळता येईना? मी काय पिशवी आहे बाकावर विसरायला? अगं, पिशवी विसरली तरी माणूस दहा पावलांवर मागे वळतं! घरापर्यंत पोचलीस? घरापर्यंत? आणि टोप्या मोजतेस म्हणे! टोपीशी लग्न लावून आली होतीस का माझ्या घरात? तोंड बघायला काय झालं होतं? माझं तोंड तुला माहीत नाही की आवडत नाही, एकदा काय ते सांगून टाक!"

सासूबाईंची नजर आजोबांकडे वळली.

"आणि हे कोण महाशय नेलेस माझ्याऐवजी?"

"मी आपल्या जागेवर होतो," आजोबा नम्रपणे म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो! आणि काय गं, ते कपांचं काय चाललंय? मला कळत नाही असं वाटतं? चार फोडलेस, चार! एक फुटला म्हटलं हात निसटला, दुसरा फुटला म्हटलं साबण असेल. चौथ्याला मी दारातून बघत होते. तू तो चक्क सोडलास! वेड लागलंय का तुला?"

"मग बोलला का नाहीत?" छत्रीताई ओरडली. तिला आपला आवाज ओळखू येईना. "तीन महिने वाट बघतेय मी! का नाही बोललात?"

"कशी बोलू? बोलले आणि निघून गेलीस म्हणजे?"

एवढं म्हणून सासूबाईंचा आवाज चिरकला. त्या पुन्हा बाकावर बसल्या, आणि पुढचं त्या बसूनच म्हणाल्या. "तीन महिने जीव मुठीत धरून वागतोय आम्ही. त्या मालकाने जागा राखून ठेवलीय, हे आम्हाला कळलं नाही असं वाटतं तुला? ह्याच्या दुकानात येऊन स्वतःच सांगून गेला तो, चष्मा करायला आला होता तेव्हा. मी ह्या दोघांना बसवून सांगितलं, शब्द जपून वापरा. तिला काम सांगू नका. तिच्यासमोर भांडू नका. तिला कंटाळा आला तर जाईल परत. माझी जीभ चावून चावून अर्धी झाली गं तीन महिन्यांत."

छत्रीताई तशीच उभी राहिली. तिला हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही एकदम सुरू झालं.

"हसतेस काय!" आता ठमीचा बांध फुटला. "मला तुझा इतका राग येतो ना! माझे सगळे दात पडले आणि तू त्यातला एकही बघितला नाहीस! एकही! मी डबीत ठेवले होते, तू आलीस आणि म्हणालीस नंतर बघते, आणि गेलीस! आणि परवा माझ्या वहीवर तू टाकीचं चित्र काढलंस, ती भूगोलाची वही होती! मी थँक्यू म्हणाले! मला थँक्यू म्हणायचंच नव्हतं!"

"मग काय म्हणायचं होतं?"

"घोडे म्हणायचं होतं!"

"म्हण ना!"

"घोडे!" ठमी किंचाळली, आणि आईच्या कमरेला मिठी मारून हुंदके द्यायला लागली.

टकलू आजोबा नवऱ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "हाही कार्यक्रमातच आहे का?"

पण नवऱ्याने घसा खाकरला. सगळे गप्प झाले, कारण हा माणूस घसा खाकरायचा म्हणजे नक्की काहीतरी मोठं असणार. त्याने चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"तू घोरतेस," तो म्हणाला. "फार घोरतेस. सतरा वर्षं तीन-तीन रात्रींचा प्रश्न होता, मी सोसलं. आता रोजचं झालं. मला झोप नाही. दुकानात काल एका बाईंना मी दूरचा चष्मा जवळचा म्हणून दिला." श्वास घेऊन त्याने आणखी एक वाक्य जोडलं, "पण तू कुठे जायचं नाहीस."

आणि नेमका तेव्हा फोन वाजला. सहा वाजले होते. मालक वेळेचे फार पक्के.

फोन छत्रीताईच्या हातात वाजत होता आणि तिघं तिच्याकडे बघत होते. ठमीने कमरेची मिठी सोडली नाही, उलट आवळली. सासूबाई आपल्या चिकट हाताकडे बघत बसल्या.

छत्रीताईने फोन कानाला लावला.

"काय ताई, हो ना?" मालकांचा हसरा आवाज आला.

"मालक, मी कामात आहे," ती म्हणाली. "बोलणी खातेय."

"म्हणजे? नंतर करू का?"

"नंतर नको. अर्धीच खाऊन झालीत, सासूबाईंचं अजून बरंच बाकी आहे. पुढच्या वर्षी नको, त्याच्या पुढच्या वर्षीही नको. ती जागा देऊन टाका कुणाला तरी. आणि नव्या मॅनेजरला माझ्यातर्फे एक सांगा, टोप्या मोजू नकोस म्हणावं. चेहरे बघ. बोलले तर बोलू दे."

तिने फोन बंद केला. मग सासूबाईंनी पदराने नव्हे, बाहीने नव्हे, सरळ ठमीच्या टोपीने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "अर्धी कसली? आत्ता कुठे सुरुवात झालीय. चला घरी."

आजोबांना त्यांच्या फाटकाशी सोडलं. टोपी परत द्यायला ते तयार नव्हते. "पुढच्या रविवारी कितीला निघायचं?" एवढं मात्र त्यांनी विचारून घेतलं.

परतीच्या टॅक्सीत नवरा पुढे बसला आणि मागे ह्या तिघी. छत्रीताई मध्ये दाबली गेली होती, एका बाजूला सासूबाईंचं कोपर आणि दुसऱ्या बाजूला ठमीचं. सासूबाई बोलत होत्या. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात तिने दूध उतू घालवलं होतं तिथपासून त्यांनी धरलं होतं आणि आता त्या अकराव्या वर्षापर्यंत आल्या होत्या. छत्रीताई ऐकत होती, हसत होती, नाक पुसत होती. आणि मग तिला राहवेना.

"पण आई, मी एक विचारू? टोपी काढलीत ती तुम्ही. न सांगता झोपलात त्या तुम्ही. आणि परक्या माणसाला टोपी दिलीत, तीही तुम्हीच. मग चूक एकट्या माझी कशी?"

ठमीने आजीकडे बघितलं. सासूबाईंनी सावकाश मान वळवली, सुनेला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, आणि पुढे वाकून टॅक्सीवाल्याच्या खांद्यावर थाप मारली.

"ऐकलंत का?" त्या म्हणाल्या. "सून आहे ही माझी. उलट उत्तरं देते मला!"

एखाद्या बाईने सुनेला बक्षीस मिळाल्याचं सांगावं, तसा त्यांचा सूर होता. टॅक्सीवाला घाबरून "हो का" म्हणाला.

"उलट नाही, सरळच बोलतेय," छत्रीताई म्हणाली. "आणि ते दूध उतू गेलं तेव्हा गॅस तुम्ही मोठा केला होता."

"मी? मी गॅस मोठा केला?"

"तुम्हीच. मला चांगलं आठवतंय."

"घोडे!" ठमी आनंदाने ओरडली. नक्की कुणाला, ते तिचं तिलाच ठाऊक. पुढून नवरा म्हणाला की गॅस त्याने मोठा केला होता, आणि मग दोघीही त्याच्यावर तुटून पडल्या.

घर आलं तरी भांडण मिटलं नव्हतं, म्हणून चौघं खाली उतरून जिन्याच्या तोंडाशी उभे राहून भांडत राहिले. भूक सगळ्यांनाच लागली होती, पण आधी वर जायला कुणीच तयार नव्हतं.